डोंगरखांबची संध्याकाळची हजेरी

दिवाळी सरली की डोंगरखांबच्या अर्ध्या घरांना कुलपे लागतात. माणसे वीटभट्ट्यांवर जातात, शाळेतली पोरे मागे राहतात. रोज दिवेलागणीला मारुतीच्या पारावर या पोरांची हजेरी होते. उत्तर मात्र पोरांनी द्यायचे नाही. ज्या घरी पोर जेवणार, त्या घरच्या मोठ्या माणसाने उभे राहून ‘आमच्याकडे’ म्हणायचे. ही रीत कोंडाबाई शिरसाटने घातली, असे सांगतात.

पूर्वी म्हणे सगळीच पोरे भट्टीवर जात आणि शाळेत मास्तर एकटेच उरत. त्यांनी गावाला गळ घातली. गावाने पुष्कळ विचार करून एक मुलगी ठेवून घेतली. मैना, नऊ वर्षांची, पाढ्यांत पटाईत. एकावर भार नको म्हणून सात घरांनी सात वार वाटून घेतले. ज्याचा वार, त्याच्याकडे जेवायचे आणि झोपायचे. या व्यवस्थेवर गाव इतके खूश झाले, की पोरीकडे बघायचे राहून गेले.

कोंडाबाईचा वार गुरुवार. त्या गुरुवारी मैना आली नाही. कोंडाबाईने भाकरी झाकून ठेवली, दोनदा दारात येऊन पाहिले. आदल्या दिवशी गुरवांकडे गोंधळ होता. गोडधोडाला राहिली असेल, असे तिने धरले. जरा रागही आला. शुक्रवारी देशमुखीणबाईंनी धरले, की पोर कोंडाबाईकडेच रमली. “तिच्या हाताला चव आहे बाई, आमचं कशाला गोड लागेल,” असे त्या वर बोलल्याही. मास्तरांना वाटले, आईला भेटायला गेली.

मैना बुधवारीच अंगात ताप घेऊन शाळेतून निघाली होती, ती आपल्या घरी गेली. दाराला कुलूप. परसात न्हाणीच्या आडोशाला ती शनिवारी सापडली. रविवारी गेली.

भट्टीवरून आई आली. ती रडली नाही म्हणे. एवढेच विचारले, “वार कुणाचा व्हता?”

सातही घरे बोटांवर मोजू लागली. गुरव म्हणाला, “बुधवार आमचा खरा, पण घरात पाव्हणे—”

कोंडाबाई पुढे झाली. “माझा व्हता, माय. सातीच्या साती माझेच व्हते.”

पुढच्या दिवाळीला कोणी पोर मागे ठेवीना. तेव्हा कोंडाबाई भट्टीच्या गाड्यांपुढे उभी राहिली आणि मारुतीला साक्ष ठेवून बोलली, की रोज एकेका पोराचे घर कळल्याशिवाय माझी चूल पेटणार नाही. गाड्यांतून चार पोरे उतरली. माघात एकदा एका घराने उत्तराची टाळाटाळ केली, तर त्या संध्याकाळी गावातली एकही चूल पेटेना म्हणे. लाकडे ओली होती, असे सांगणारेही आहेत. माघात ती कशाने भिजली, हे ते सांगत नाहीत.

आजही, घरोघर गॅस आला तरी, हजेरीआधी डोंगरखांबात कोणी काडी ओढत नाही. सगळ्यांत शेवटी मैनाचे नाव घेतात. त्या नावाला सातही घरे उभी राहतात आणि ‘आमच्याकडे’ म्हणतात. आवाज फारसा चढत नाही.