अळणी पेज

खाडीकाठच्या एका गावात मनाच्या आजारांवर उपचार करणारा आश्रम होता. तिथे एक नियम होता. वैद्याने रोग्याच्या घरी जेवायचे नाही. का, असेही विचारायचे नाही.

एके दिवशी धुरपा नावाच्या कोळिणीला आश्रमात आणले. तिच्या नवऱ्याची होडी दर्यावरून परतली नव्हती. पुढे आलेले प्रत्येक ताट ती दूर सारी. थोरले वैद्य म्हणाले, "अन्न टाकते, म्हणजे वेड वाढले. उद्यापासून खोलीत कोंडा आणि बळजबरीने भरवा."

त्यांची शिष्या चारुता गोंधळली. कोंडून कुणाची भूक वाढते? ती तडक धुरपाच्या घरी गेली. धुरपाची जाऊ हिरा अंगणात मासळी खारवत होती. तिने चारुतापुढे पेज ठेवली. "जेव बाय. वैद्य आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत म्हणे!"

चारुताने घोट घेतला. पेज पार अळणी.

"मीठ विसरलीस?"

"होडी परत येईस्तोवर घरातल्या बायका मीठ खात नाहीत. तुम्ही तिला खारट वाढलंत. ती कशी खाईल?"

"मग तिला काही झालेलंच नाही?"

"असं कसं? अळणी तर आम्ही सगळ्याच खातो. पण आम्ही झोपतो. ही आठ दिवस टक्क जागी आहे, भिंतीशी बोलते. ते आमच्यात नाही, बाय."

चारुताचा गोंधळ आणखी वाढला. रीत म्हणावी, तर झोप उडालेली. रोग म्हणावा, तर अळणी पेज सगळ्या घराची. एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, ते तिला वाटभर उमगले नाही. पण आश्रमात परतताना तिने धुरपासाठी भांडेभर पेज सोबत आणली.

"यात मीठ नाही. हिराने दिलीय."

धुरपाने बोट बुडवून चाखले. मग सगळी पेज प्यायली.

"झोपेचा काढा देऊ? त्यातही मीठ नाही."

धुरपाने हात पुढे केला.

थोरले वैद्य संतापले. "तू तिथे जेवलीस! वर रीत की रोग, तेही धड सांगत नाहीस. क्षमा माग!"

"नाही मागणार," चारुता म्हणाली. "दोन्ही आहे. कुठे किती, ते मला अजून कळत नाही. म्हणून उद्याही तिथेच जेवणार. तुम्ही इतकी वर्षे रोगी तपासलेत. त्यातला एक तरी घरी काय खातो, सांगा."

कोपऱ्यात धुरपाचा डोळा लागला होता.

तात्पर्य: ज्याला बरे करायचे, त्याचे जगणे आधी जाणून घ्यावे, आणि जे कळले नाही, ते कळल्याचे सोंग आणू नये.