म्हाळू कुंभाराची चूल

नदीच्या एका वळणावर एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात म्हाळू नावाचा एक कुंभार राहत होता. त्याच्या हाताला मोठी कला होती. त्याच्या माठातलं पाणी उन्हाळ्यातही गार राहायचं आणि त्याच्या गाडग्यांना शेजारच्या गावांतूनही मागणी असायची. चाकावर बसला की त्याला जगाचं भान उरायचं नाही. बाकी घरातलं सगळं त्याची बायको बघायची. आतून हाक आली की हात धुवायचे, पानावर बसायचं, जेवायचं आणि पुन्हा चाकाकडे जायचं, एवढाच म्हाळूचा स्वयंपाकघराशी संबंध.

मग एका हिवाळ्यात त्याची बायको चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. मूलबाळ नव्हतं. घर एकदम रिकामं झालं.

गाव मायाळू होतं. दिवसकार्य आटोपल्यावरही बायका म्हाळूला विसरल्या नाहीत. कधी सुताराच्या घरून ताट यायचं, कधी सोनाराच्या, कधी शेजारच्या भागाबाई माळणीकडून. म्हाळूची उपासमार झाली नाही, पण त्याचं मन मात्र रोज थोडं थोडं खचत गेलं. भूक लागायची सकाळी आणि ताट यायचं दुपारी. एखाद्या दिवशी दोन घरांतून यायचं, एखाद्या दिवशी 'दुसरीने दिलं असेल' असं म्हणून कोणीच द्यायचं नाही. तो चाक सोडून दारात बसायला लागला. रस्त्यावर पाऊल वाजलं की मान वर करायचा आणि आपल्याच त्या मान वर करण्याची त्याला लाज वाटायची. हळूहळू चाक फिरणं बंद पडलं.

हे सगळ्यांत आधी भागाबाईच्या लक्षात आलं. ती म्हाळूच्या बायकोची मैत्रीण, वयाने मोठी आणि बोलायला रोखठोक. एका सकाळी ती आली ती रिकाम्या हाताने. आत न जाता उंबऱ्यावर बसली.

"भावोजी, आज मी ताट आणलं नाही," ती म्हणाली. "उठा, चूल पेटवा. मी सांगते तसं करा."

म्हाळूला राग आला. एवढी जड झाली का माझी भाकरी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण भूक लागली होती आणि भागाबाईचं काही उठायचं लक्षण दिसत नव्हतं. तो स्वयंपाकघरात गेला.

फडताळात गाडगी ओळीने मांडलेली होती. प्रत्येक गाडगं त्याने स्वतःच्या हाताने घडवलेलं, भाजलेलं. कोणत्या गाडग्याचा काठ किंचित वाकडा आहे हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. पण मीठ कशात आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं. एकेक झाकण काढून तो बघू लागला. हळद, मोहरी, डाळ. बायकोने भरून ठेवलेलं सगळं जसंच्या तसं होतं. म्हाळू तिथेच थोडा वेळ उभा राहिला. भागाबाईनेही घाई केली नाही.

मग तिने उंबऱ्यावरूनच सांगायला सुरुवात केली. मूठभर तांदूळ, त्याच्या निम्मी मुगाची डाळ. दोन्ही धुवायचं. वर बोटाची दोन पेरं बुडतील एवढं पाणी, चिमूटभर हळद, मीठ. उकळी आली की जाळ कमी करायचा. तिने ना पळी हातात घेतली, ना चुलीत फुंकर घातली. म्हाळूने जाळ कमी करायला उशीर केला आणि खिचडी खाली लागली. भागाबाईला वास आला, पण ती उठली नाही. एवढंच म्हणाली, "वरची वरची खा. उद्या लागणार नाही."

म्हाळूने वरची खाल्ली आणि मग खालची करपलेलीही खरवडून खाल्ली. किती तरी दिवसांनी तो भूक लागली त्या वेळेला जेवला होता.

त्यानंतर भागाबाई अधूनमधून यायची, उंबऱ्यावर बसायची आणि एखादी सोपी गोष्ट सांगून जायची. पिठल्याचं पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. कढी उतू जाईपर्यंत उकळू नये, फुटते. शिळी भाकरी उरली तर कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतावी, वाया घालवू नये. भाकरीचं पीठ कढत पाण्यात भिजवून चांगलं मळावं. हे शेवटचं म्हाळूला एका फटक्यात जमलं. माती मळण्यात जन्म गेलेले हात ते, पिठाचं मन त्यांना लगेच कळलं. त्याची भाकरी टम्म फुगली तेव्हा भागाबाई म्हणाली, "आता मला काही सांगायचं उरलं नाही."

म्हाळूचं चाक पुन्हा फिरायला लागलं.

पारावरच्या पुरुषांना मात्र हा चेष्टेचा विषय मिळाला. म्हाळूच्या अंगरख्याला पीठ लागलेलं दिसलं की सुतार विचारायचा, की आता लुगडं कधी नेसणार. पाटील मोठ्याने हसायचे, आणि पाटील हसले की सगळेच हसायचे. म्हाळू आपल्या वाटेने निघून जायचा. आपण काय गमावलं आणि काय मिळवलं, ते पारावर बसून सांगण्यासारखं नाही, असं त्याला वाटायचं.

नदीपलीकडे टेकडीवर देवीचं देऊळ होतं. श्रावणात एक दिवस गावातल्या साऱ्या बायका नावेने पलीकडे जायच्या, देवीची ओटी भरायच्या आणि संध्याकाळी परतायच्या. त्या दिवशी गावात हिंडती-फिरती बाई म्हणून राहायची नाही. त्या वर्षीही बायका पहाटे उठल्या, घरच्यांसाठी भाकऱ्या थापून, झाकून ठेवून निघाल्या. दुपारी डोंगरात कुठे तरी ढग फुटला असावा. बघता बघता नदी फुगली, लाल पाण्यात झाडं वाहून येऊ लागली आणि नावाड्याने नाव ओढून वर झाडाला बांधली.

बायका सुखरूप होत्या. टेकडी उंच, देवळाची धर्मशाळा पक्की. पलीकडून त्यांनी पदर हलवून दाखवले, अलीकडून पुरुषांनी पागोटी हलवली. पाणी उतरेपर्यंत कोणाला काही करता येण्यासारखं नव्हतं.

त्या रात्रीपुरत्या भाकऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या संपल्या. मग गावात एक विचित्र गोष्ट घडली. घराघरांत कणग्या धान्याने भरलेल्या, पिठाचे डबे भरलेले, आणि माणसं उपाशी. पोरांनी गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि पोट धरून रडायला लागली. सोनाराने भात शिजवायचा प्रयत्न केला, त्यातल्या निम्म्याची चिकट खळ झाली आणि निम्मे दाणे कच्चेच राहिले.

सगळ्यांत आधी म्हाळूच्या दारात आला तो सुतार. त्याच्या खांद्यावर त्याची लहान मुलगी होती. अंगात कणकण होती म्हणून आईने तिला देवीला नेलं नव्हतं. पोर मान टाकून पडली होती. सुताराने काही मागितलं नाही, तो नुसता उभा राहिला. म्हाळूनेही त्याला मागचं काही ऐकवलं नाही. त्याने चुलीवर मऊ खिचडी टाकली, तूप सोडलं, फुंकर घालून निववली आणि पोरीला भरवली. चार घास पोटात गेल्यावर तिने डोळे उघडले आणि आणखी मागितली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत म्हाळूचं अंगण भरलं. त्याने पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, पुन्हा थापल्या. माणसं जेवली, बोटं चाटली, म्हाळूच्या हाताला अमृताची चव आहे म्हणाली. ज्यांनी लुगड्याची चेष्टा केली होती तेच आता त्याला अन्नपूर्णेचा भाऊ म्हणू लागले. म्हाळूला हे फार आवडलं. इतकं कौतुक त्याच्या माठांचंही कधी झालं नव्हतं. निजताना तो उद्या काय करायचं याचेच बेत करत होता.

सकाळी त्याने दार उघडलं तर समोर माणसं उभी होती, हातात रिकामी ताटं घेऊन.  म्हाळूची चाहूल लागताच सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

ती मान वर करण्याची तऱ्हा म्हाळूला ओळखीची होती.  सगळ्यांना जेवू घालावं, कौतुक घ्यावं, हे किती गोड होतं. पाणी उतरेपर्यंत तो गावाचा राजा झाला असता. पण या लोकांना दारात बसवून ठेवणं त्याच्या जिवावर आलं. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "ताटं घरी ठेवून या. येताना पीठ आणा, तेल-मीठ आणा आणि एकेक तवा आणा. अंगणात चुली मांडू. मी सांगतो, तुम्ही करा."

गर्दीत कुजबुज झाली. पाटील पुढे आले. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

"म्हाळू, आम्ही काय आता चुली फुंकायच्या?"

"मी फुंकल्या, पाटील," म्हाळू शांतपणे म्हणाला. "आधी डोळ्यांत धूर जातो. मग सवय होते."

पाटील तडक घरी निघून गेले. दोघं-तिघं त्यांच्या मागे गेले. बाकीचे घुटमळले, पण सुतार पीठ घेऊन आला तसे एकेक जण परत आले.

त्या सकाळी कुंभाराच्या अंगणात जे झालं त्याची आठवण गाव पुढे कित्येक वर्षं काढायचं. गुंज गुंज सोनं तोलणारा सोनार, चिमूट म्हणजे नेमकं किती, असं पुन्हा पुन्हा विचारत होता. एकाने गार पाण्याचं ऐकलं नाही, पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं आणि त्याच्या पिठल्यात लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या. सुताराची पहिली भाकरी नकाशासारखी झाली आणि दुसरी तव्यावर टाकताना फाटली. म्हाळूचे हात शिवशिवत होते. घेऊन पटकन थापून द्यावी असं त्याला दहादा वाटलं. पण त्याने हात मांडीवर ठेवले आणि तोंडाने सांगत राहिला. भाकरी मोडली तरी चालेल, पिठात आणखी पाणी नको, मळ, अजून मळ. दुपारी सगळे आपापलं केलेलं खायला बसले. कोणाचं खारट होतं, कोणाचं करपलेलं. पण कोणी कोणाकडे हात पसरला नव्हता आणि जेवताना अंगणात नुसता हसण्याचा गलका चालला होता.

पाटलांच्या वाड्यावर मात्र चूल थंड होती. तिन्हीसांजेला सुतार स्वतःहून तिकडे गेला. त्याने सोबत ताट नेलं नाही. दारात बसला आणि आपल्याला सकाळी जेवढं आलं होतं तेवढं पाटलांना सांगू लागला. पाटलांनी आधी पाठ फिरवली. मग सुताराला आत बोलावलं आणि कोणी बघू नये म्हणून दाराला कडी घालून घेतली.

पुढे नदी उतरली. नाव लागताच बायका घाईघाईने गावाकडे निघाल्या. पोरांचे काय हाल झाले असतील, हीच काळजी सगळ्यांना होती. गाव दिसलं तशा त्या थबकल्या. घराघरांच्या कौलांतून धूर निघत होता.

भागाबाईने सुताराच्या घरात डोकावून पाहिलं, मग सोनाराच्या. मग ती म्हाळूकडे गेली. तो चाकावर बसलेला होता. काय घडलं ते तिने विचारलं आणि त्याने सांगितलं. ऐकून ती उंबऱ्यावर टेकली.

"मी तुम्हा एकट्याला शिकवलं होतं, भावोजी," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, एका माणसाची सोय झाली."

त्याच वेळी पाटलीणबाई आपल्या घरी पोहोचल्या होत्या. पाय धुऊन त्या सवयीने थेट चुलीकडे वळल्या, तर चुलीपुढे पाटील बसलेले. कपाळाला राख, हाताला पीठ. त्यांनी बायकोला हाताने खूण करून पाटावर बसायला सांगितलं आणि तव्यावरची भाकरी तिच्या ताटात टाकली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, घरात रोज भाकऱ्यांचा ढीग पडायचा, पण तव्यावरून उतरलेली गरम भाकरी बसून खायला पाटलीणबाईंना कधी मिळाली नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली गार भाकरी, हाच त्यांचा वाटा. त्यांनी तुकडा मोडला. वाफ निघाली. पाटील त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मीठ कमी पडलं का?" त्यांनी विचारलं.

"पडलंय थोडं," पाटलीणबाई म्हणाल्या. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी पदराने टिपलं आणि ताट पुढे केलं. "अजून एक वाढा."

तात्पर्य: वाढून दिलेलं अन्न एकाच पोटात जातं, सांगून दिलेलं अन्न घरोघरी शिजतं. म्हणून येतं ते हातचं न राखता सांगावं, आणि येत नाही ते शिकायला कोणी लाजू नये.