मठातल्या वायफायचा पासवर्ड

“पण सांगायला हरकत काय आहे, तेवढं तरी सांगा की!”

द्वारकाताई मोबाइल हातात धरून उभ्या होत्या. सामंत ओटीच्या खांबाला टेकून बसले होते आणि उत्तर देत नव्हते.

“सामंतसाहेब, मी तुमच्याशी बोलतेय.”

“ऐकतोय.”

“मग? पासवर्ड काय आहे?”

“...सांगता येत नाही.”

“विसरलात?”

सामंत एकदम ताठ झाले. “मी? मी विसरेन?”

“आठवतोय ना? मग सांगा की.”

सामंतांनी तोंड फिरवलं.

बाजूलाच नरहरीबुवा मटार सोलत बसले होते. मठ त्यांचा, समोरचे दोघे शिष्य त्यांचे, भांडणही त्यांच्याच ओटीवर चाललेलं. पण बुवांनी मान वर केली नाही. दाणे परातीत पडत होते, टरफलं सुपात.

मठ म्हणजे घाटमाथ्यावरच्या खिंडीतलं एक कौलारू घर. तिथे बुवा राहत. स्वयंपाकपाणी सांभाळणाऱ्या द्वारकाताई राहत. त्या पूर्वी अंगणवाडीत होत्या. आणि पाटबंधारे खात्यातून मोठे साहेब म्हणून निवृत्त झालेले सामंतही आता तिथेच राहायला आले होते. मोबाइलला खिंडीत रेंज नाही. कुणाशी दोन शब्द बोलायचे तर पार खाली फाट्यापर्यंत उतरायचं.

म्हणून मठात वायफाय आलं. आदल्या दिवशी कंपनीचा माणूस वायर ओढून गेला. डबाही तोच लावून देणार होता, पण सामंतांनी त्याला वाटेला लावलं.

“ठेवून जा. मी बघतो.”

असला डबा त्यांनी जन्मात हाताळला नव्हता. पण ज्याने धरणाचे दरवाजे उघडले-मिटले, त्याला हा डबा काय जड, असं त्यांचं म्हणणं.

नेमका डबा लावायच्या दिवशी द्वारकाताईंच्या जिवाला घोर लागलेला. लेक कुंदा कोल्हापूरला दवाखान्यात होती. बाळ आडवं आलेलं, आज ऑपरेशन करायचं ठरलेलं. ताई पहाटेच निघणार होत्या, तर उसाचा ट्रक उलटून घाट बंद. तशाच त्या फाट्यावर जाऊन फोनवर बोलून आल्या. तिथल्या रेंजवर नुसता आवाज पोचतो, चेहरा दिसत नाही. कुंदा रडत होती.

“आई, तुझं तोंड बघितल्याशिवाय मी आत जायची नाही.”

डॉक्टर म्हणाले होते, दुपारपर्यंत थांबता येईल, त्यापुढे नाही.

ताई लंगडत वर आल्या तेव्हा सामंतांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “ताई, जेवायच्या आत लेक समोर दिसेल. माझा शब्द.”

आणि गंमत म्हणजे, त्यांनी तो डबा खरंच चालू केला. दिवे लागले. डब्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग मोबाइलवर प्रश्न आला, पासवर्ड काय ठेवायचा? माहितीपत्रकात म्हटलं होतं, लांब असावा, दुसऱ्याला ओळखू येऊ नये आणि आपल्याला विसरता येऊ नये.

सामंत हसले. असं जगात एकच होतं त्यांच्यापाशी. त्यांचा गुरुमंत्र!

कितीतरी वर्षांपूर्वी बुवांनी तो त्यांच्या कानात सांगितला होता. सांगण्याआधी बुवा बराच वेळ त्यांच्याकडे नुसते बघत राहिले होते. ते बघणं सामंत कधी विसरले नाहीत. आपली योग्यता पारखून, आपल्यापुरता शोधून काढलेला मंत्र आहे हा, अशी त्यांची खात्री. बाकीच्या शिष्यांनाही मंत्र मिळाले होते, पण ते आपले त्यांच्या कुवतीप्रमाणे. हे सामंत कुणाला बोलून दाखवत नसत. नुसते मनातल्या मनात सगळ्यांची कीव करत.

मंत्र देताना बुवांनी बजावलं होतं, “कुणाच्या कानावर घालायचा नाही. घातलास, की तो तुझा उरला नाही.”

टाइप करणं म्हणजे काही कानावर घालणं नव्हे, असा सामंतांनी कायदा काढला. सगळ्यांचे मोबाइल आपणच हातात घ्यायचे, आपणच पासवर्ड टाकायचा. झालं! कुठे लिहून ठेवायचीही गरज नाही.

मग ते पेढे घेऊन अंगणात आले. पेढे शबनम पिशवीत. चष्मा काढून पिशवीत टाकलेला, मोबाइलही पिशवीत. पिशवी कठड्यावर ठेवून पाय धुवायला वाकले मात्र, आणि वडावरून एक वानर उतरलं.

पेढे वानराने खाल्ले. पिशवी दरीत गेली.

आता चष्म्याशिवाय सामंतांना दुसऱ्याचा मोबाइल म्हणजे कोरी पाटी. चाचपडत त्यांनी ताईंच्या मोबाइलवर टाकून पाहिलं, पण भलतीच अक्षरं उमटली. डबा मूळपदावर आणायचा तर ते कंपनीच्या माणसालाच ठाऊक, आणि तो उद्या येणार.

“बरं, लिहून द्या,” ताई म्हणाल्या.

“लिहिणं म्हणजे सांगणंच.”

“मग माझ्या कानात सांगा. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.”

“कानात तर मुळीच नाही!”

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. रागावायलाही वेळ हवा.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, मोबाइल कमरेला लावला आणि चपला पायात सरकवल्या.

“कुठे निघालात?”

“फाट्यावर.”

“या गुडघ्यांनी? दुपार उलटेल पोचायला.”

“मग काय करू? तिकडं पोर वाट बघतेय. निदान आवाज तरी ऐकेल.”

त्या अंगण ओलांडून गेल्या. सामंतांना त्या नीट दिसत नव्हत्या. पायरीवर चप्पल टेकल्याचा आवाज येई, मग थांबे. मग पुन्हा एक पायरी.

सामंत बुवांकडे वळले. “बुवा...”

मटार सोलणं चालू होतं.

“बुवा, त्या पासवर्डचं... मी तिथे आपण दिलेला मंत्र ठेवलाय.”

“कळलं.”

“कधी?”

“विसरलो नाही म्हणालास आणि सांगताही येईना. दुसरं काय असणार?”

“मग... सांगू त्यांना?”

“मला काय विचारतोस?”

“सांगितला तर माझा उरणार नाही. तुम्हीच म्हणाला होता.”

“म्हणालो होतो.”

“आणि नाही सांगितला तर...”

बुवांनी पुढची शेंग फोडली. अंगणापलीकडे आणखी एक पायरी वाजली.

आयुष्यात सामंतांनी खूप काही मिळवलं होतं. बंगला, मानमरातब, नावाची पाटी. त्यातलं काहीच त्यांना रात्री कुशीवर वळल्यावर आठवत नसे. आठवायचा तो मंत्र. बायको गेली तेव्हाही त्यांनी तोच धरून ठेवला होता. तो गेला तर आपल्यापाशी काय राहील, हे त्यांना कळेना.

मग ते उठले.

खांबाला कपाळ आपटलं, परातीला पाय लागला, पण थांबले नाहीत. अंगणाच्या कठड्यापाशी जाऊन ओरडले, “ताई! थांबा! मागे फिरा! सांगतो मी!”

ताई धापा टाकत वर आल्या. “सांगा.”

सामंतांनी हात जोडले. डोळे मिटले. तोंड उघडलं...

आणि तोंडात मटारचा एक दाणा येऊन पडला.

त्यांनी डोळे उघडले. समोर बुवा उभे होते.

“चाव,” बुवा म्हणाले.

सामंत चावू लागले.

“द्वारके, पासवर्ड टाक.”

“मला कुठं ठाऊक आहे, बुवा?”

“तुझा टाक.”

“माझा कुठला?”

“मी दिलेला.”

ताई बुवांकडे बघतच राहिल्या. मग सामंतांकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्या हळूच म्हणाल्या, “इंग्रजीत?”

“लहान अक्षरं,” सामंत दाणा गिळत म्हणाले. “सगळं सलग.”

ताईंनी दोघांकडे पाठ केली. मोबाइलवर पदर धरला आणि पदराआड टाइप करू लागल्या. गुरूची आज्ञा ती आज्ञा. त्यांनीही तो मंत्र आजवर कुणाला दाखवला नव्हता.

आता खरं सांगायचं तर त्या घटकेला सामंतांना वाटलं, लागू नये. लागला तर आपला मंत्र स्वयंपाकघरातही होता, इतकी वर्षं, भाकरी थापता थापता. दुसऱ्याच क्षणी त्यांना कुंदाचं रडणं आठवलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी देवाला विनवलं, लागू दे रे बाबा.

“नाही म्हणतोय,” ताई म्हणाल्या.

सामंतांनी चाचपडत कठडा धरला.

“थांबा. घाईत एक अक्षर जास्त पडलं.”

पदराआड बोट हललं...

आणि मोबाइल वाजला. पुन्हा वाजला. सकाळपासून अडून राहिलेले निरोप एकामागून एक येऊन पडू लागले. ताईंनी ते वाचलेही नाहीत. जावयाचं नाव दाबून व्हिडिओ कॉल लावला.

“आई?”

“हो गं बाई! हो! दिसतेय का मी?”

“दिसतेयस. इतका वेळ कुठं होतीस?”

“इथंच होते. कुठं जातेय मी? रडू नकोस. कपाळ पूस बघू. घाम आलाय किती.”

“भीती वाटतेय.”

“वाटू दे. मलाही वाटली होती तुझ्या वेळी. आता जा आत. मी हा फोन हातातून खाली ठेवायची नाही.”

सामंत कठड्याला धरून उभे होते. त्यांना मोबाइल दिसत नव्हता, मुलगी दिसत नव्हती. फक्त ऐकू येत होतं. आई-लेकीचं ते बोलणं ऐकता ऐकता ते पायरीवर बसले. कुणीतरी डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा तसं वाटलं.

मग वाट बघणं आलं. बुवांनी परात पुन्हा पुढे ओढली. या खेपेला सामंतही सोलायला बसले. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण शेंग फोडायला डोळे लागत नाहीत. ताई देवापुढे जाऊन बसल्या. त्या ओठ न हलवता काय म्हणत होत्या, ते सामंतांना आता ठाऊक होतं. त्यांना मौज वाटली. मनातल्या मनात त्यांनीही तेच सुरू केलं.

उन्हं कौलांवरून उतरायला लागली तेव्हा मोबाइल वाजला.

जावई काहीतरी बोलत होता, पण त्याचं कुणी ऐकलंच नाही. मागून ट्यॅहां ट्यॅहां असा आवाज येत होता. तेवढ्याशा पोराचा केवढा तो गळा! खिंडीतलं ते घर त्या आवाजाने भरून गेलं.

“मुलगी!” ताई ओटीवर येऊन ओरडल्या. “दोघी सुखरूप! बुवा, दोघी सुखरूप आहेत!” आणि मग इतका वेळ न रडलेली ती बाई भिंतीला टेकून पोटभर रडली.

सामंतांनीही धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. ते मोकळे झाले होते. कशातून, हे त्यांना नेमकं सांगता आलं नसतं.

ताई गूळ आणायला आत गेल्या. पेढे वानराच्या पोटात होते ना.

“बुवा,” सामंत हळूच म्हणाले.

“हं.”

“म्हणजे सगळ्यांना एकच?”

बुवांनी मान डोलावली.

“मग त्या दिवशी... मंत्र देताना आपण एवढा वेळ माझ्याकडे बघत होता, ते कशासाठी?”

“तुझ्या कानात अत्तराचा फाया होता. तो तू काढशील म्हणून वाट बघत होतो.”

सामंतांच्या पोटातून हसू वर यायला लागलं. त्यांनी आवरायचा प्रयत्न केला, पण ते काही आवरेना. हसता हसता हातातले दाणे ओटीभर सांडले. बुवाही हसले.

दाणे वेचून झाल्यावर सामंतांनी शेवटचं विचारलं.

“पण एकच होता, तर इथे ओटीवर सगळ्यांना एकदमच सांगायचा की, बुवा. एकेकाला जवळ बोलावून, कानाशी लागून, इतका हळू कशाला?”

बुवांनी एक शेंग उचलली. नखाने तिची शीर काढली.

“कान वेगवेगळे होते ना.”