बर्गरचा पहिला घास

"चीजबर्गर हे विष आहे की नाही? हो किंवा नाही, एकच शब्द!" उदयभान महाराज गरजले.

भरल्या दरबारात हा सवाल मला झाला, तेव्हा मला तोंडच उघडता येईना. तोंडात चीजबर्गर होता!

मी सुभाना, देवरूळ संस्थानचा चाखणारा. महाराजांच्या ताटातला पहिला घास माझा. मी घास घ्यायचा, मग हुजऱ्याने वेळ मोजायला बुडाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. वाटी बुडेपर्यंत मी उभा राहिलो तर ताट महाराजांपुढे, आडवा झालो तर उकिरड्यावर. ताट म्हणतोय मी. माझं काय करायचं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. या कामाला बळ लागत नाही आणि अक्कलही लागत नाही, म्हणून तर ते मला मिळालं.

दोन वर्षांपूर्वी राजवाड्यासमोर एका परदेशी खानसाम्याने बर्गरचं दुकान थाटलं आणि महाराजांचं पिठलं-भाकरीवरचं मन उडालं. खोटं कशाला बोलू, माझंही उडालं! तो लुसलुशीत, किंचित गोड पाव, आत कोंबडीच्या खिम्याची खमंग टिक्की आणि तिच्यावरून ओघळणारं खारट चीज! चावायचे कष्टच नाहीत. पोट भरल्याचा निरोप पोटाकडून डोक्याकडे निघतो, तोवर तिसरा संपलेला असतो. त्यातून माझ्या डोक्याला कुठलाच निरोप वेळेवर पोचत नाही.

पण दसरा जवळ आला. सीमोल्लंघनाला महाराजांनी पांढऱ्या घोड्यावर बसून वेशीबाहेर जायचं, ही देवरूळची रीत. हा सवाल झाला त्या सकाळी सरावासाठी घोडा अंगणात आणला. घोड्याने महाराजांकडे एकदा नीट पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. सगळ्या दरबाराने ते पाहिलं! महाराज लाल झाले आणि त्यांनी वैद्यांना बोलावलं.

वैद्यराज त्रिविक्रमशास्त्री म्हणजे हाडांचा सापळा. मूग आणि ताक यांपलीकडे त्यांनी काही खाल्ल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. ते म्हणाले, "महाराज, दोष त्या बर्गरचा. मांसाचं थोडंफार बळ मिळतं, नाही असं नाही. पण बाकी सगळा मैदा, मीठ आणि चरबी! कोंडा नावालाही नाही. भाजी म्हणाल तर काकडीची एक चकती, तीसुद्धा आपण काढून टाकता. कधीमधी ठीक आहे, पण रोज खाल तर ते विषच!"

"विष?" महाराज उसळले. "मग हा सुभाना जिवंत कसा? बोल रे! विष म्हणालास, तर दोन वर्षं तू मला विष चारलंस, मुंडकं उडवीन! नाही म्हणालास, तर आजपासून तिन्ही त्रिकाळ बर्गरच खाईन आणि माझ्या प्रकृतीला काही झालं तर जबाबदार तू. तेव्हाही मुंडकंच!"

इकडे आड, तिकडे विहीर! माझा घेर पाहता मी दोन्हींत पडण्याऐवजी अडकूनच बसलो असतो, पण हुकूम तो हुकूम. वेळ काढावा म्हणून तोंडातला घास मी सावकाश चावू लागलो. आयुष्यात पहिल्यांदाच.

तेवढ्यात माझ्या घासाबरोबर पाण्यावर सोडलेली वाटी बुडाली. हुजऱ्याने ताट उचलून महाराजांपुढे नेलं. बुडालेल्या वाटीकडे पाहता पाहता मला काय सुचलं कोण जाणे!

"थांबा! ते ताट मागे घ्या!" मी ओरडलो.

"का?" महाराजांचा हात बर्गरवरच थांबला. "वाटी बुडाली. तू उभा आहेस!"

"उभा आहे महाराज, पण खांबाला टेकून!"

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं.

"महाराज, आपल्या आजोबांचा नियम काय? चाखणाऱ्याचं पुढे काय होतं ते कळल्याशिवाय घास राजाच्या तोंडी जायचा नाही. जहाल विषाला ही वाटी पुरते. हा पदार्थ मात्र सावकाश चढतो. माझ्याकडेच बघा! नोकरीला लागलो तेव्हा हा शेला कमरेला तीन वेढे घ्यायचा. आता त्याच्या दोन टोकांची भेट होत नाही. जिना चढायचा तर मध्ये बसकण मारावी लागते. पायांत जोडा कुठला आहे, हे मला बायकोला विचारावं लागतं!"

"म्हणजे ते विष आहे?"

"तेच तर अजून ठरायचंय! परीक्षा चालू आहे महाराज, निकाल लागलेला नाही."

"कधी लागेल?"

"लागेल दहा-वीस वर्षांत. तोवर नियमाप्रमाणे आपण थांबायचं."

महाराजांनी डोळे बारीक केले. "आणि तोवर तू काय करणार?"

"मी खात राहणार! घास घेतल्याशिवाय परीक्षा व्हायची कशी? आपल्यासाठी जीव देईन महाराज, रोज थोडा थोडा!"

मानेवरून मी हळूच हात फिरवून घेतला, ती होती. मग महाराजांचं पोट हललं, खांदे हलले आणि सिंहासन कुरकुरू लागलं. महाराज खदाखदा हसत होते! वैद्यराजसुद्धा हसले, हसायला बळ कुठून आणलं देव जाणे.

"लबाडा! मी भाकरी खायची आणि बर्गर तू?" महाराजांनी डोळे पुसले. "ते चालायचं नाही. आजपासून पिठलं-भाकरी, दोघांनाही! बर्गर सणासुदीला, एकात दोघं, आणि काकडीसकट! पण उत्तर झकास दिलंस. बक्षीस म्हणून तो पांढरा घोडा तुझा. माझ्या आधी तूच बस त्याच्यावर. तू टिकलास तर दसऱ्याला मी बसेन!"

मी लवून मुजरा केला, म्हणजे लवता आलं तेवढा केला, आणि ऐटीत अंगणात उतरलो. घोड्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि तो चार पावलं मागे सरकला.