तुसड्या बयाजीचं म्हणणं

पिंपळदरी नावाच्या एका गावात विसोपंत नावाचे एक कारकून होते. गावचा न्यायनिवाडा देशमुखीणबाई करत. बाईंची नजर अधू झालेली. त्यामुळे भांडणाऱ्या दोघांनी लिहून आणलेल्या लांबलचक कैफियती पंत वाचत आणि त्यांचा सारांश बाईंना ऐकवत. रीत अशी, की ज्याची कैफियत त्याने सारांश ऐकून 'हेच माझं म्हणणं' असं म्हटल्याशिवाय निवाडा होत नसे.

एकदा पाटाच्या पाण्यावरून तंटा झाला. वरच्या मळ्यातला बयाजी खालच्या सगुणाबाईला पाणी सोडेना. तिचं कांद्याचं रोप माना टाकू लागलं होतं. ते गेलं असतं तर तिचं वर्षच गेलं असतं. सगुणाबाई बोलायला गोड. येता-जाता पंतांच्या दारात थांबून काकूंच्या गुडघ्याची चौकशी करायची. बयाजी मात्र तुसडा. समोरून आला तरी रामराम नाही. आता पंतही माणूसच. त्यांचं मन कुठे झुकलं हे वेगळं सांगायला नको.

त्यांनी सगुणाबाईचं म्हणणं सविस्तर लिहिलं, तिच्या डोळ्यांतल्या पाण्यासकट. बयाजीची कैफियत निम्मी शिव्यांनीच भरलेली. ती त्यांनी वरवर चाळली आणि एका ओळीत आटपली: 'बयाजी म्हणतो, पाणी सोडणार नाही.' एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून मनाला टोचलंही नाही.

सभेत दोन्ही सारांश वाचून झाले. सगुणाबाईने लगेच मान डोलावली. बाईंनी बयाजीला विचारलं.

"शब्द माझेच आहेत," बयाजी गुरगुरला, "पण माझं म्हणणं हे नव्हे. पंतांनी राग तेवढा ठेवला, त्याचं कारण गाळलं."

"पंत, याची कैफियत पहिल्यापासून वाचा," बाई म्हणाल्या.

पंत वाचू लागले. शिव्या संपता संपेनात. लोक तोंडाला उपरणं लावून हसू लागले. मग मध्येच आलं: 'सगुणीच्या वाफ्याशी पाटाची कड खचली आहे. आता पाणी सोडलं तर तिचंच रोप वाहून जाईल. आधी कड बांधा. तिला सांगायला जावं, तर म्हणते बहाणे करतोस.'

हसणं थांबलं.

"हे का गाळलंत?" बाईंनी विचारलं.

"हिची दया आली, बाई. आणि याचा कंटाळा."

"त्या दयेपायी हिचं रोप बुडालं असतं, पंत."

पंतांनी तिथेच बसून सारांश पुन्हा लिहिला. बयाजी चिडला आहे हे त्यात आलं आणि तो का चिडला तेही आलं. सगुणाबाईचं रोप सुकतंय, हेही जसंच्या तसं राहिलं. बयाजी ऐकून म्हणाला, "हां. हेच." बाईंनी निवाडा दिला: दोघांनी मिळून आजच कड बांधायची आणि पहिलं पाणी सगुणाबाईला.

कुदळ घ्यायला निघताना सगुणाबाई म्हणाली, "भावजी, आधीच नीट सांगायचं ना."

"नीटच सांगत होतो," बयाजी म्हणाला, आणि आणखी दोन शिव्या घालून तिच्यापुढे चालू लागला.

तात्पर्य: एकही अक्षर खोटं न लिहिता दुसऱ्यावर अन्याय करता येतो. म्हणून जो माणूस आपल्याला आवडत नाही, त्याचं म्हणणं थोडक्यात सांगताना अधिक जपावं.