शामाची हाक

फार पूर्वी एका रानात शामा पक्षिणीने पंचायतीपुढे गाऱ्हाणे मांडले, "हा कोतवाल पक्षी माझा आवाज चोरतो." पंचायतीने हुकूम काढला, की परवानगीशिवाय कोणी दुसऱ्याचा आवाज काढायचा नाही.

एकदा शामा ओढ्यावर गेलेली असताना साप तिच्या घरट्याकडे चढू लागला. कोतवाल स्वतःच्या आवाजात जीव तोडून ओरडला. भांडत असेल कोणाशी तरी, असे वाटून शामा पाणी पीत राहिली.

परतली तेव्हा घरट्यात एकच पिल्लू उरले होते.

"माझ्या आवाजात हाक का नाही मारलीस?"

"हुकूम होता, शामाताई," कोतवाल खाली मान घालून म्हणाला.

काही दिवसांनी शामा पिल्लाला घेऊन त्याच्या फांदीवर आली. "याला माझी हाक शिकव," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझ्या गळ्यातून ती आता निघत नाही."