सालीवरचा निकाल

ज्या काळी रानात घर कोरायलाही परवाना लागत असे, त्या काळची ही गोष्ट. एका सुतारपक्ष्याने साळुंकीला ढोली कोरून दिली. कष्ट वाचावेत म्हणून त्याने किडलेली फांदी निवडली होती. चार दिवस वारा सुटला, ढोलीचा तळ निखळला आणि साळुंकीची तीन अंडी खाली पडून फुटली.

साळुंकी पंचांकडे गेली. मुख्य पंच मोठ्या चोचीचा धनेश पक्षी होता. त्याने सुतारपक्ष्याला बोलावून विचारलं, “काय हो, हे काम तुमचंच ना?”

“माझंच,” सुतारपक्षी म्हणाला. “पण ताबा घेताना बाई काही बोलल्या नव्हत्या.”

पंचांनी त्याचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला. निकाल सगळ्यांना दिसावा म्हणून अर्जुनाच्या झाडाच्या खोडावर कोरायचं ठरलं. पण कोरणार कोण? हे काम साऱ्या रानात एकालाच येत होतं. धनेशाने घसा खाकरला आणि सुतारपक्ष्यालाच आठ दिवसांचा खास परवाना दिला.

त्याने निकाल झोकात कोरला, पण सुटत आलेल्या सालीवर. महिन्याभरात साल गळाली. खोड कोरं बघून एका पोपटिणीने त्याला नव्या ढोलीचं काम दिलं.

साळुंकी गळालेली साल चोचीत धरून धनेशाकडे धावली. धनेशाने साल उलटसुलट करून पाहिली.

“काम कच्चं झालंय खरं,” तो म्हणाला. “बाई, रीतसर तक्रार करा.”